सुट्टी संपल्यावरचे अकरा दिवस

सैन्यातली वीस वर्षं संपवून मी बुलढाण्याला परत आले आणि जिल्ह्यातल्या माजी सैनिकांची कामं पाहणाऱ्या कार्यालयात रुजू झाले, त्याला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाले होते. आता पेन्शनची अडकलेली कागदपत्रं, वीरपत्नींची ओळखपत्रं, मुलांचे वसतिगृहाचे अर्ज, असं काम होतं. मला ते आवडत होतं. माणसं समोर बसून बोलत.

एका बुधवारी पंचावन्नच्या आसपासचे एक शेतकरी आले. खुर्चीच्या कडेवर टेकले आणि मागून आलेल्या सगळ्यांना पुढे जाऊ देत राहिले. खोली रिकामी झाल्यावर म्हणाले, "मॅडम, आमच्या गावातल्या एका पोराचं इचाराचं होतं."

"विचारा ना, काका."

"तो फौजीत हाय. सुट्टीवर आला होता. सुट्टी सरली, पन तो काई गेला नाई. त्याले आता पोलीस धरतीन काय?"

"किती दिवस झाले?"

"आज सात."

गावातल्या कुणाच्या मुलाचे दिवस असे जिभेवर तयार नसतात. मी ते बोलून दाखवलं नाही. फक्त विचारलं, "जात का नाही तो?"

त्यांनी हातांकडे पाहिलं. "त्याच्या बायकोचं लेकरू गेलं. पोटातच. आठवा महिना होता. ती बोलत नाई, जेवत नाई. हा म्हने एक दिवस थांबतो. मंग आनखी एक. आता फोन बंद करून बसला. म्हनतो, कोन्या तोंडानं जाऊ?"

मी त्यांना सरळ सांगितलं. पलटणीतून आधी घरी पत्र येईल, मग पोलिसांकडे. महिना उलटला तर त्याची नोंद पळून गेलेला म्हणून होईल. स्वतःहून हजर झाला तर गोष्ट वेगळी, पकडून नेला तर वेगळी. "सांगतो त्याले," म्हणून ते उठले. भेटीच्या वहीत त्यांनी नाव लिहिलं होतं, आणि गाव पिंपळगाव राजा.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. मला चैन पडेना, आणि त्याचं कारण मला माहीत होतं.

काही वर्षांपूर्वी मी सैन्याला रसद पुरवणाऱ्या एका कंपनीची कमान सांभाळत होते. त्या कंपनीला माझ्याआधी बाई अधिकारी मिळालेली नव्हती. ही नरम पडते का, याकडे सगळ्यांचं लक्ष आहे असं मला सतत वाटायचं, म्हणून मी असायला हवं होतं त्याहून कडक होते. एक ड्रायव्हर सुट्टीवरून एकोणीस दिवस उशिरा आला. त्याला पेशीला, म्हणजे माझ्यासमोर सुनावणीला, उभा केला. "कुछ कहना है?" मी विचारलं. "नहीं, साब." माझ्या अधिकारात होती तेवढी कैद मी त्याला दिली आणि पुढची फाईल ओढली.

शिक्षा भोगून झाल्यावर माझे वयस्क सुभेदारसाहेब सहज बोलता बोलता म्हणाले, की त्याची आई भ्रमिष्ट होती. घरातून निघून गेली होती. तो गावोगाव तिला शोधत फिरत होता.

"मग बोलला का नाही? मी विचारलं होतं."

"साब, वो पूछना तो कायदे का था," सुभेदारसाहेब म्हणाले.

त्यांनी ते अगदी आदरानं म्हटलं, म्हणूनच जास्त लागलं. पुढे मी त्या ड्रायव्हरशी बोलले, पण तोवर तो माझ्याशी "जी साब"च्या पलीकडे बोलायचा बंद झाला होता.

रविवारी सकाळी मी साधी साडी नेसले आणि एसटीनं खामगावला, तिथून पिंपळगाव राजाला गेले. सरकारी गाडी दारात उभी राहिली असती तर गावभर झालं असतं.

काका ओट्यावरच होते. मला पाहून गडबडले. "मॅडम, त्या पोराचं घर इकडं नाई."

"काका, उन्हातून आले आहे. पाणी तर द्याल?"

ते दारातून बाजूला झाले आणि खाली मान घालून म्हणाले, "या. आत या."

पाणी एका मुलीनं आणलं. बाविशीची असेल. ती सून. पेला ठेवून भिंतीला टेकून उभी राहिली. आतल्या खोलीतून काकांचा मुलगा बाहेर आला. दाढी वाढलेली, केस कानांवर आलेले, पण मला पाहताच टाचा जुळल्या.

"जय हिंद, मॅडम साहेब."

"जय हिंद. बस."

बसेना. "अरे, मी तुझ्या पलटणीची नाही. बस खाली आणि घरी आलास त्या दिवसापासून सांग."

तो सांगत गेला, मी मध्ये बोलले नाही. बातमी कळली तेव्हा तो चौकीवर होता. खाली उतरून गाडी पकडून घरी पोचायला तीन दिवस लागले. तोवर सगळं उरकलेलं होतं. "मले लेकरू दाखवलंबी नाई," तो म्हणाला. मग पुढे, "मले शिक्षेचं भेव नाई. पन तिथं सगळ्याईसमोर सांगा लागन काऊन थांबलो. हासतीन. म्हनतीन, बायकोपाशी बसला."

"मी त्याले रोज म्हनते जाय," भिंतीपाशी उभी असलेली ती एकदम बोलली. काका चमकले. "मी नाई अडवलं. अन् तो गेल्यावर मी कोनासंग बोलू, हेबी खरं हाय."

त्याच्या कमांडिंग ऑफिसरचा नंबर त्याला पाठ होता. रेंज मिळेना म्हणून मी घराच्या धाब्यावर, मातीच्या गच्चीवर, चढले. मी कोण ते सांगितलं. पलीकडचे साहेब थकलेल्या आवाजात म्हणाले, की आज अकरावा दिवस आहे, पोलिसांना द्यायचं पत्र सहीसाठी समोर पडलंय.

"तो आज निघतोय," मी म्हणाले.

"शिक्षा टळणार नाही, मॅडम."

"टाळा असं मी म्हणत नाही. फक्त पेशीत कायद्याचं विचारून झालं की त्याला एकटं बसवून पुन्हा विचारा."

"पत्र बुधवारपर्यंत थांबवतो," ते म्हणाले.

दुपारी त्यानं गावातल्या न्हाव्याकडून केस कापून घेतले. निघताना बायकोनं भाकरी आणि ठेचा बांधून आणला. ती किती दिवसांनी चुलीपाशी गेली होती, ते दारात उभ्या तिच्या सासूच्या चेहऱ्यावरून कळत होतं. काका आणि मी त्याला काळी-पिवळी जीपनं नांदुऱ्याच्या स्टेशनावर घेऊन गेलो आणि गाडीत बसवलं. मी काही उपदेश केला नाही. "पोचलास की बापाला फोन कर," एवढंच म्हटलं.

त्याला चौदा दिवसांची कैद झाली. काका कार्यालयात आले ते रागावूनच. "तुमी म्हनले होते ते साहेब इचारतीन. इचारलं, अन् तरी बसवलं आत!"

मी चहा मागवला. नियम समजावून सांगावेत असं वाटेना. ते अर्धा चहा तसाच टाकून गेले. मला वाटलं, हे घर आता आपल्याला तुटलं.

पण साहेबांनी खरंच विचारलं होतं. पाचेक महिन्यांनी तो शांत भागातल्या छावणीत बदलून गेला आणि त्याला कुटुंबासाठी क्वार्टर मिळालं. तिकडे राहायला जायचं म्हणून ओळखपत्राच्या अर्जासाठी सून आणि काका आले. ती अंगानं भरली होती. अर्जावर तिनं सावकाश, अक्षर अन् अक्षर काढून सही केली.

"हिले हिंदी येत नाई, मॅडम," काका म्हणाले.

"शिकीन मी," ती म्हणाली, आणि मला विचारलं, "तिकडं ज्वारीचं पीठ भेटते काय?"

"नाही भेटत. इथूनच ने."

"किती नेऊ?"

"उचलेल तेवढं ने," मी म्हटलं. "शेजारच्या बायका मागतील."

ती हसली. मग थंडीचं विचारलं, स्टोव्ह न्यावा की तिथे मिळतो ते विचारलं, आणि काका दोनदा घड्याळ बघून खामगावची गाडी चुकन म्हणेपर्यंत विचारतच राहिली.