माझ्या हाताचा गुण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, पण मान खाली घालून नाही — तेवढं आधीच बजावून ठेवते.

माझं माहेर धुळ्याचं, सासर भडगावकडचं. मुलगी लहान असताना माहेरी गेले आणि तिला कांजिण्यांची लस टोचून आणली. सासरी चकार शब्द काढला नाही. तिथे कांजिण्या म्हणजे माता. माता घरी आली की दाराला कडुलिंब, स्वयंपाकात फोडणी बंद, आणि सुईचं तर नावच काढायचं नाही. लस चोरून दिली याचं मला काडीचं वाईट वाटत नाही. आजही देईन.

पुढे अक्काच्या, म्हणजे माझ्या मोठ्या जावेच्या, थोरल्या मुलाला माता आली. माझी मुलगी त्याच्याच ताटात जेवायची, त्याच्याच अंथरुणात लोळायची. तिला एक पुळी उठली नाही. सासूबाई थक्क झाल्या. म्हणाल्या, "माता पोरले शिवनी बी नही. तुना हातले गुण शे." ज्या घरात माझ्या भाजीला कधी कुणी बरं म्हटलं नाही, तिथे गल्लीतल्या बायका लेकरं घेऊन माझ्याकडे यायला लागल्या. मला आवडलं. हो, आवडलं — का आवडू नये?

मग अक्काने धाकट्याला, यशला, माझ्या मांडीवर आणून ठेवलं. त्याच्या अंगावर अजून काही उठलं नव्हतं. "हात ठेव," म्हणाली. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलेलं मला लख्ख आठवत होतं — घरात एकाला उठलं की दुसऱ्याला लगेच टोचून घ्या, तेव्हाही उपयोग होतो. लख्ख आठवत होतं. आणि मी — मी हात ठेवला.

घाबरले होते म्हणू? सुईमुळे माता कोपली, असं सगळे माझ्यावर ढकलतील म्हणून? म्हणता येईल. पण ती थाप होईल. मला तो मान सोडवत नव्हता.

यशचं अंग फोडांनी भरून गेलं. छातीत उतरलं, धुळ्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. वाचला. गालांवर खड्डे राहिले.

परवा गल्लीत पुन्हा माता आली. शेजारची सून तिचं धडधाकट लेकरू घेऊन दारात उभी. मी कामाचं निमित्त काढून तिला परत पाठवलं. थोड्या वेळाने अक्काच तिला हाताला धरून घेऊन आली. सोबत यश — आता माझ्या खांद्याला लागतो. अक्काने त्याचा चेहरा उजेडाकडे वळवला. "हाऊ दख. हिना हातवरीच मना पोऱ्या वाचना."

यश माझ्याकडे बघून हसला. त्याच्यादेखत मी त्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवला.