फंडाला सतरंजीवर बसवणारे मुन्शीजी

कुठलाही खटला सांगा, आमचे मुन्शीजी आधी विचारायचे, "सतरंजीवर कोन कोन बसलं?" नागपूरच्या कोर्टात वकिलाच्या कारकुनाला मुन्शी म्हणतात. आमचे मुन्शीजी कोष्ट्यांच्या घरातले. त्यांचे वडील हातमागावर लुगडी विणत आणि मोहल्ल्याच्या पंचांत बसत. नवराबायकोचं फाटलं की पंच सतरंजी अंथरत, आणि बाईचे दागिने ज्याच्याकडे ठेवलेले असतील त्यालाही त्या दोघांशेजारी बसवत. "नवऱ्यानं हो म्हनून काय होते? किल्ली ज्याच्या कमरेले, त्यानंच हो म्हनलं पायजे," असं मुन्शीजी सांगायचे.

मी तेव्हा, सत्तरच्या दशकात, नवी वकील झाले होते आणि मला त्यांचा भारी राग यायचा. रात्रंदिवस खपून केलेला माझा मसुदा ते वाचतसुद्धा नसत. नुसतं पक्षकारांच्या नावांवर बोट फिरवायचे आणि नाक मुरडायचे.

सुमित्राबाई या माझ्या अशिलाच्या फायलीवरही त्यांनी नाक मुरडलं. नवऱ्याने तिला टाकून बारा वर्षं झाली होती, आणि आता त्याला सोडचिठ्ठी हवी होती. तो एका गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम होता. पोटगीचा हुकूम तिच्याकडे होता, पण दर वेळी हा गडी खोली बदलायचा आणि समन्स परत यायचं. आता तो रिटायर होऊन सावनेरकडे पसार होणार होता. त्यानंतर तिच्या हाती फुटकी कवडी लागली नसती.

"वकीलबाई, तुमी त्या पळपुट्याले काहून धरून राहिल्या?" मुन्शीजी म्हणाले. "पेन्शन कोन देते? गिरनीचा फंड. फंड कुठं पळते? त्याले बसवा ना सतरंजीवर!"

मी हसले. घरी गेल्यावर मात्र हसू मावळलं. म्हातारा शंभर टक्के बरोबर होता. दुसऱ्या दिवशी फंडाला पक्षकार करण्याचा अर्ज मी टाकला. बाररूममध्ये माझी यथेच्छ टिंगल झाली.

फंडाच्या वकिलांनी तर कोर्टातच विचारलं, "साहेब, आमच्या फंडाचं या बाईशी लग्न लागलं होतं काय?" सगळे खो खो हसले. मी मागे पाहिलं, तर मुन्शीजी दाराशी उभे राहून कमरेवर थोपटत होते. मी म्हटलं, "लग्न नाही लागलं, साहेब. पण किल्ली यांच्याच कमरेला आहे." न्यायाधीशांनी अर्ज मंजूर केला.

निकाल लागला. नवऱ्याला घटस्फोट मिळाला आणि सुमित्राबाईचा हिस्सा दरमहा फंडाने परस्पर तिलाच पाठवावा असा हुकूम झाला. मी कोर्टाच्या पायऱ्या अक्षरशः उड्या मारत उतरले. पहिली मनिऑर्डर आली तेव्हा सुमित्राबाई डबाभर सांभारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची वडी, घेऊन आली. म्हणाली, "मोहल्ल्यात मले टाकलेली म्हनत. आता पोस्टमन 'पेन्शनवाल्या बाई' म्हून हाक मारते!" मुन्शीजींनी एक वडी बाजूला काढली. "हे फंडाची. त्यो बी आपलाच मानूस."

काही वर्षांनी मुन्शीजी गेले. मी त्यांच्या घरी सांत्वनाला बसायला गेले तेव्हा अंगणातल्या सतरंजीवर सगळे पुरुषच होते, आणि मी दाराशीच घुटमळले. तेवढ्यात मागून सुमित्राबाई आली. डोळे पुसत ती मुन्शीजींच्या मुलाला म्हणाली, "सरक गा, बाबू. ह्या सतरंजीवर माहा हक्क हाय."

माझा हात धरून तिने मला पुढे नेलं, आणि आम्ही दोघी मधोमध बसलो.