पलंगाकडे पाठ

माझ्या नाकावर कायम राग असतो, हे आधीच कबूल केलेलं बरं. नागपूरहून डॉक्टर होऊन मी पन्नासच्या दशकात जयपूरला बायकांच्या इस्पितळात नोकरीला लागले, तेव्हा तर तो फारच होता. बनी पार्कातल्या घरून टांग्याने इस्पितळात पोचेपर्यंत टांगेवाल्याशी एक तरी वाद व्हायचाच.

एका हिवाळ्यात आमच्या खाजगी वॉर्डात एका बड्या मंत्र्यांच्या पत्नी दाखल झाल्या. मंत्रीजींच्या एका फोनने कलेक्टरची बदली होई, आणि विधानसभेत ते उभे राहिले की भल्याभल्यांची बोबडी वळे. बाई चाळिशीच्या, पांढऱ्याफटक पडलेल्या. गर्भाशयात गाठ होती आणि कित्येक महिने रक्त जात होतं. बाहेरून रक्त देऊन आम्ही त्यांना कसंबसं सावरलं होतं. आठवड्याभरात ऑपरेशन झालं नाही तर त्या हातच्या जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

संमतीच्या कागदावर मंत्रीजींनी उभ्याउभ्या सही केली. बाई मात्र तयार होईनात. कारण विचारलं तर हळूच म्हणाल्या, "दस्तख़त तो वे दिन भर करते हैं।"

नवऱ्याने आपल्याला तोंडाने सांगावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. मला वाटलं, हे तर सोपं आहे. मंत्रीजी रोज दुपारी चारला यायचेच. पण आले की दाराशी थांबायचे, पलंगाकडे पाठ करून उभे राहायचे आणि मला विचारायचे की गरम पाणी मिळतं का, रजया पुरेशा आहेत का. बायकोबद्दल अवाक्षर नाही. पलंगाशेजारी त्यांची म्हातारी आई जपमाळ ओढत बसलेली असे आणि बाईंचा घूंघट हनुवटीपर्यंत उतरलेला असे. हा माणूस म्हणजे दगड आहे, असं मी ठरवूनच टाकलं.

तिसऱ्या दिवशी माझा संयम सुटला. मी पलंगाला खुर्ची लावली आणि आईच्या देखत मंत्रीजींना म्हटलं की इथे बसा, यांचा हात हातात घ्या आणि काय ते सांगा. म्हातारीची माळ थांबली. मंत्रीजींचे कान लाल झाले, आणि ते तसेच निघून गेले. बाईंनी त्या दिवशी अन्नाला हात लावला नाही.

आमची एक वयस्क नर्स जयपूरचीच होती. तिने मला औषधांच्या खोलीत नेऊन समजावलं. आईवडिलांसमोर बायकोशी बोलायचं नाही, तिच्याकडे बघायचं नाही, स्वतःचं मूलसुद्धा उचलून घ्यायचं नाही. चांगल्या घरचा मुलगा तो, जो हे पाळतो. मंत्री झाला म्हणून काय झालं. आमच्या आजोळीही वडीलधाऱ्यांसमोर नवराबायको मोजकंच बोलत. पण बायको मरणाच्या दारात असताना कुणी हे पाळेल, हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. करायला गेले एक आणि झालं भलतंच. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला मी म्हातारीला म्हटलं, तुमचा रक्तदाब बघायचाय, नर्सबरोबर पलीकडच्या खोलीत चला. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सुनेकडे, आणि मुकाट्याने उठली. तिला सगळं कळलं होतं, असं मला अजून वाटतं. मंत्रीजी आले तसं मीही निघायला लागले, तर ते घाईघाईने म्हणाले, "आप मत जाइए।"

ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. माईकशिवाय सभा गाजवणाऱ्या माणसाचा आवाज मला ऐकू येईना. यांना विचारा, ऑपरेशनला नाही का म्हणतात, असं ते मला म्हणाले. बाईही मलाच म्हणाल्या की सांगा, भीती वाटते. मी निरोप पोचवला. ते बाहेरच्या कडुलिंबाकडे बघत म्हणाले, "कहिए, मुझे भी।"

आता मात्र हद्द झाली. दोघांत चार हातांचं अंतर, दोघांची भाषा एक, आणि निरोप्या कोण, तर मी नागपूरची. मी सरळ सांगितलं की हे मी सांगणार नाही, तुमचं तुम्ही सांगा.

ते वळले. बाईंनी दोन्ही हातांनी घूंघट वर केला. खिडकीतून ऊन थेट त्यांच्या तोंडावर येत होतं. लग्नाला चोवीस वर्षं झालेली. घरात सदा माणसं, बाहेर सदा दौरे. भर उजेडात तो चेहरा मंत्रीजींनी किती वेळा नीट पाहिला असेल कुणास ठाऊक. आत्ता मात्र ते बघत राहिले.

"बाल सफ़ेद हो गए तुम्हारे," ते म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "इनसे कहिए, इनके भी।"

ते पलंगाच्या कडेवर बसले, अगदी टोकाला, उठायला सांगितलं तर लगेच उठता यावं असे.

"करवा लो," ते थेट बाईंना म्हणाले. "मुझसे अकेले नहीं रहा जाएगा।"

बाईंनी मान हलवली. मी बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी केलं. बाई त्यातून वाचल्या, आणि पुढे मंत्रीजी गेल्यावर त्यांच्या मागे बारा वर्षं जगल्या. एकटं राहायची वेळ मंत्रीजींवर आली नाही, बाईंवर आली.