अम्मींचं खाकरणं

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. कुणी असलं काही सांगायला लागलं की मी उठून चहा टाकायला जाते... आणि आता मीच लिहायला बसलेय. दमलेली बाई, भास झाला असेल म्हणाल, तर म्हणा बापडे.

आम्ही नळदुर्गचे. हायवेपासून जरा आत, दोन खोल्या. नवरा ट्रकवर, सदा बाहेर. सासऱ्यांना, म्हणजे अब्बांना, लकवा झाला आणि गिळणंच बिघडलं. पाणी पोटात जायच्या ऐवजी श्वासनळीत उतरायचं. न्यूमोनिया होऊन मरता मरता वाचले. सोलापूरच्या थेरपिस्ट मॅडमनी बजावलं होतं – "पातळ काही द्यायचं नाही. पाणीसुद्धा पावडर घालून घट्ट करा. ताठ बसवा, हनुवटी खाली, छोटा चमचा. आणि ठसका लागत नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका. यांचा ठसकाच गेलाय."

तेव्हापासून वाटीभर खिमट भरवायला तास जातो. एक चमचा, गिळा, "अब्बा, आ म्हणा", आवाज घोगरा नाही ना ते ऐका, मग पुढचा चमचा. जीव मेटाकुटीला येतो हो.

त्या दुपारी स्वयंपाकघरात भिंतीला टेकले आणि डोळा लागला. जाग आली ती खाकरण्याच्या आवाजानं. दबकं, दोनदा... अम्मींचं! माझ्या सासूबाई बैठकीत यायच्या आधी अश्शाच खाकरायच्या. अब्बांना शुगर, त्यामुळं तो आवाज आला की हातातला पेढा उशीखाली. किती हसायचो आम्ही. पण अम्मींना जाऊन दोन वर्षं झालीत.

धावत बाहेर आले. अब्बा आडवेच. त्यांचे जन्माचे दोस्त भगवानकाका शेजारी बसलेले, उसाच्या रसाचा ग्लास अब्बांच्या ओठांना लावून.

"अहो काका, काय करताय!"

"अगं, घोटभरच. लई जीव हाय त्याचा रसावर. ठसका लागला असता तर थांबलो असतो की."

"मग आत्ता खाकरलं कोण?"

"कुणीच न्हाय, पोरी."

अब्बांचे ओठ गच्च मिटलेले. लकव्यापासून ते कधी नीट मिटलेच नव्हते. रस गालावरून उशीवर गळत होता. आणि त्यांचा चांगला हात... उशीखाली.

उठवून बसवलं. "अब्बा, आ म्हणा." म्हणाले. आवाज स्वच्छ. पुढं काही दिवस ताप बघत राहिले, नाही आला.

यामागचं कारण मला आजही माहीत नाही, आणि शोधायची ताकदही नाही. काका गेल्यावर मी परत त्याच भिंतीला टेकले आणि गाढ झोपले. कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा वाटलं, या घरात मी एकटीच जागी नाही.