उंबऱ्यावर अडलेली बाई

माझ्या आईला माहेरच्या घरात एकदा शेवटचं जाऊन यायचं होतं, आणि ते राहून गेलं. मामानं इस्लापूरचं जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं. आधी एक फोन केला असता तर काय बिघडलं असतं? पण नाही. आई त्याला काही बोलली नाही. नुसतं मधूनच म्हणायची, "एकदा आत जाऊन यायला पायजे होतं माय."

मी लातूरला राहते, कंप्युटरवरचे गेम बनवायचं काम करते. म्हटलं, पाडलं तर पाडलं, आपण बांधू. दिवाळीला आईकडं नांदेडला आले ती लॅपटॉपमध्ये घर घेऊनच. फोनवर आईचं डोकं खाऊन खाऊन सगळं विचारून घेतलं होतं: पत्र्याचं छप्पर, अंगणातली तुळस, सागवानी दार, वीतभर उंच उंबरा. अंगणात हिरव्या लुगड्यातली एक बाई उभी केली.

"ही तू," म्हटलं. "हे बटण दाबलं की चालतीस."

आईनं चष्मा पुसला, बटण दाबलं. बाई चालली. तुळशीपाशी आल्यावर आईनं स्क्रीनलाच हात जोडले. मग बाई दाराशी गेली आणि उंबऱ्यावर अडली. बटण दाबलं की जागच्या जागी थरथरायची, आत काही जाईना.

मला असा संताप आला! बारा महिने परक्यांच्या गेममधली माणसं चालती करायची, आणि स्वतःच्या आईला तिच्या घरात नेता येऊ नये?

गेममधलं पडणं, आपटणं, अडणं हे सगळं फिजिक्स इंजिन बघतं. त्याला बाई, लुगडं काही दिसत नाही. त्याच्या लेखी ती आईच्या ॲसिडिटीच्या कॅप्सूलसारखी एक उभी कॅप्सूल. पायरी ठरलेल्या उंचीपेक्षा मोठी असली की त्याच्यासाठी ती भिंतच. आधी मला वाटलं, पाय अडकत असतील. म्हणून घर्षण कमी केलं, तर बाई साबणावर पाय पडल्यासारखी अंगणभर घसरायला लागली. मग पायरीची मर्यादाच वाढवून टाकली. आता बाई दाराकडं जाता जाता तुळशीवृंदावनावर चढली.

"अगं बया!" आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. "काय करून राहिलीस माय? तुळशीवर पाय देऊन राहिले की मी!"

"हसू नको. उंबराच बुटका करते, म्हणजे कटकट मिटली."

"उंबऱ्याला हात लावायचा न्हाई." आईचा आवाज एकदम बदलला. "बरोबर उभी होती ती. लेक माहेरी आली अन् भाकरतुकडा ओवाळल्याबिगर आत शिरती व्हय?"

आदल्याच दिवशी हिनं मला ऑटोतून उतरल्यावर दोन बॅगांसकट दारात उभं केलं होतं. भाकरीचा तुकडा आणि तांब्यातलं पाणी ओवाळून टाकेपर्यंत "आई, आटप ना, हात तुटायले" म्हणून माझी किरकिर चालली होती.

पायरीची मर्यादा पुन्हा होती तिथं आणली. बाई परत उंबऱ्यावर अडली. म्हटलं, आता आतून कुणीतरी येऊन ओवाळेल, मग कोडमधूनच तिला उचलून आत ठेवू.

"आतून आजीला आणते. कशी दिसायची आजी? सांग बघू."

आईनं स्क्रीनवरच्या त्या थरथरणाऱ्या बाईवर बोट ठेवलं. डोळे भरून आले होते तिचे.

"माझ्या मायला कशाला बोलावतीस?" ती म्हणाली. "मलाच आत ठेव."

"अगं पण बाहेरून आत जायचं तुलाच होतं ना? मग दारात कोण उभं राहणार?"

"तू. ह्या दारातल्या बाईला तुझ्यासारखा ड्रेस घाल. माझं काय, आज हाय उद्या न्हाई. पुढं कवा तू आलीस तर तुला ओवाळाया दारात कुणीतरी पायजे की."

मला रडू आवरेना. तसंच नाक ओढत मी काम करत बसले, आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. हिरवं लुगडं आतल्या बाईला नेसवलं, हातात तांब्या दिला. बाहेरच्या बाईला ड्रेस घातला, दोन बॅगा दिल्या. उंबरा होता तेवढाच ठेवला.