न्हाणीचा बुजवलेला झरोका

कोल्हारात गनीभाईंची ख्याती दोन गोष्टींसाठी होती. शेगडी असो की गीझर, त्यांनी हात लावलेली वस्तू पुन्हा बिघडत नसे. आणि ते कुणाचंही ऐकत नसत. पहिल्या गुणामुळे लोक त्यांना बोलावत, दुसऱ्यामुळे बोलावल्याचा पश्चात्ताप करत.

गॅसचा गीझर न्हाणीत बसवायचा नाही, हा त्यांचा कायदा. गीझर बाहेरच्या भिंतीवर, आत फक्त पाण्याचा नळ. बारा वर्षांपूर्वी शेजारच्या गावातून त्यांना एक गीझर काढायला बोलावणं आलं होतं. गीझर नवाकोरा होता. वापरणारा राहिला नव्हता.

भागवतच्या घरी मंगळवारी याच कायद्यावरून तासभर जुंपली. भागवतची बहीण रोहिणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, बाळ आठ दिवसांचं. तिच्या न्हाण्यासाठी त्यानं गीझर आणला, आणि त्याची आई बनुबाई न्हाणीच्या दारात ठाण मांडून उभी राहिली.

"गरम पानी परसातनं फिरवून आनायचं? वाटंतच निवंल की ते!"

"मावशी, दोन हाताची वाट हाय. पानी काय पायी येत न्हाई."

"आन् आत बसवलं तर काय हुतं?"

"जळल्याला गॅस कोंडतो. कच्च्या गॅसला वास येतो, त्यो वरडून सांगतो. जळल्याला मुका. मानूस आंघूळ करता करता बसतं, आन् बसूनच ऱ्हातं."

"आमच्या घरात मुकं कुनी न्हाई," बनुबाई म्हणाल्या. हे खरं होतं.

गीझर बाहेरच बसला. प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून, बुडबुडा येत नाही हे पाहून गनीभाई उठले. दुसऱ्या सकाळी पुन्हा येऊन फेस लावायचा, ही त्यांची रीत. गिऱ्हाइकांना वाटे, म्हातारा चहासाठी येतो. तोही ते घेत.

बुधवारी ते परसात शिरले तर भिंतीवर नुसती स्क्रूची भोकं. सिलिंडर जागेवर होता, पण त्याची नळी भिंतीला पाडलेल्या नव्या भोकातून न्हाणीत गेलेली. वर झरोका. झरोक्यात गोधडी गच्च कोंबलेली. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून कुठल्याही घरी कोंबतात, तशीच, प्रेमानं.

आत नळाची धार पडत होती.

ओसरीवर भागवत पाळण्याची दोरी ओढत बसला होता. "चाचा, रागावू नका. वाऱ्यानं जाळ इझत हुता. आई म्हनली आत घे, काल सांजच्याला म्याच बसिवला."

"आत कोन हाय?"

"रोहिणी. आई न्हाऊ घालतीया. बाळाचं झालं."

"किती येळ झाला?"

"आर्धा तास झाला आसंल. आई लई घासती."

परक्या पुरुषानं बाळंतिणीच्या न्हाणीच्या दाराला हात लावायचा नसतो. गनीभाईंनी आजवर कुणाच्या न्हाणीबाहेरून साधी हाकही मारली नव्हती. ते परत परसात धावले आणि त्यांनी सिलिंडर बंद केला. आता पाणी गार येणार, बनुबाई शिव्या देणार. त्या शिव्यांची वाट पाहत ते उभे राहिले.

धार पडत राहिली. शिवी आली नाही.

अंगावर गार पाणी यावं आणि बनुबाईंनी गप्प राहावं, असं त्या घरात कधी घडलं नव्हतं.

"भागवत! दार फोड!"

"चाचा, आत बाळंतीन हाय."

"म्हनूनच फोड म्हनतोय!"

भागवतनं धावत येऊन न्हाणीच्या परसातल्या दाराला खांदा दिला. गनीभाईंनी झरोक्याखाली बादली उपडी घातली, वर चढून गोधडी ओढली. ती निघेना. प्रेमानं कोंबलेली वस्तू सहज निघत नाही. दोन्ही हातांनी हिसडा दिला तेव्हा ते गोधडीसकट खाली आले, आणि आत कडी तुटल्याचा आवाज झाला.

"आई भिताडाला टेकून बसलीया! बोलंना!"

"आधी दोघींना भाईर घे. मोकळ्यावर!" गनीभाईंनी गोधडी दाराशी फेकली, "हिच्यात गुंडाळ पोरीला," आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तशा पाठमोऱ्यानंच त्यांनी कोपऱ्यावरच्या जीपवाल्याला फोन लावला. "दवाखान्यात न्यायचंय. दोघींना. आत्ताच्या आत्ता."

मागं फरफटल्याचा आवाज. ओकल्याचा आवाज.

"रोहिणीनं डोळं उघाडलं, चाचा!"

"आन् मावशीनं?"

"न्हाई."

"श्वास?"

"चालू हाय... बारीक."

"कुशीवर कर. हाका मार."

भागवत हाका मारू लागला. परसात प्रवरेकडचा वारा सुटला होता. आठ दिवस ज्याला घरात येऊ दिलं नव्हतं, तो सगळा. गनीभाई विटा मोजू लागले. एकवीसपर्यंत आले आणि चुकले.

"आता?"

"न्हाई."

पुन्हा पहिल्यापासून. दहा. अकरा.

मग मागून घोगरा, जड आवाज आला. "मुडद्या... पोरीला वारा लागतोय. दार लाव ना ते."

"दार तुटलंय, मावशी," गनीभाई भिंतीला म्हणाले. आणि जीपचा हॉर्न वाजेपर्यंत ते तिथंच खाली बसून राहिले.