वायफाय आणि बायकोचा फॉर्म

लॅपटॉप पुण्याहून सेकंडहँड आणलेला, आणि नेटची वायर लावायची त्याची जागाच मोडलेली. म्हणजे नेट आलं तर वायफायवरूनच. घोडेगावात आमच्या शेजारी दवाखाना होता, तिथल्या डॉक्टरांचं वायफाय भिंतीपलीकडून आमच्या खोलीत पोचायचं. पासवर्ड त्यांनी आपणहून दिला होता. छान चाललं होतं. दसरा झाला आणि मला अवदसा आठवली. विंडोज व्हायरसनं बेजार झालं होतं, ते पुसून मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून मी लिनक्स टाकलं. फुकट आणि मोकळं, शिवाय चार लोकांत मिरवता येईल असं. सगळं झकास चालू झालं. वायफाय तेवढं मेलं.

नेमकं त्याच आठवड्यात बायकोला आरोग्यसेविकेच्या भरतीचा फॉर्म भरायचा होता. तो ऑनलाइनच भरायचा, मुदत शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत. कोर्स करून ती सहा वर्षं या जागांची वाट बघत होती आणि पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "माझ्या कॉम्प्युटरवर भरा की." मी ताठ्यात म्हणालो, "कशाला डॉक्टर, घरात मशीन असताना? पाच मिनिटांचं काम आहे."

ती पाच मिनिटं सोमवारी सुरू झाली. माझं निदान पक्कं होतं: वायफाय कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, लिनक्सला सापडत नाही. ड्रायव्हर उतरवायचा तर नेट पाहिजे, आणि नेट पाहिजे तर ड्रायव्हर पाहिजे. घ्या! एसटीनं मंचरला गेलो, सायबर कॅफेत बसून पेनड्राइव्हवर फायली भरून आणल्या. घरी येऊन कमांड मारल्या. उत्तर आलं, अमुक फाइल नाही. पुन्हा मंचर. ती फाइल आणली तर आता म्हणे तमुक नाही. त्या आठवड्यात मी तीनदा मंचरला गेलो. चालू नेटसमोर तासन्‌तास बसलो आणि तिथंच बायकोचा फॉर्म भरावा हे एकदाही डोक्यात आलं नाही. मला कार्ड जिंकायचं होतं.

घरात सगळ्यांवर खेकसत होतो. आई म्हणाली, "आरं, दोन घास खाऊन घे, ते डबडं कुठं पळून चाललंय व्हय?" तिच्यावरही ओरडलो. शुक्रवारी तर सगळं पुसून लिनक्स पुन्हा टाकलं. तरी ढिम्म. ड्रायव्हर बसलाय असं लॅपटॉप सांगत होता आणि नेटवर्क मात्र एकही दाखवत नव्हता. असा संताप आला की वाटलं, हे धूड उचलावं आणि थेट डिंभ्याच्या धरणात फेकून यावं.

शनिवारी चार वाजून गेले होते. वैतागून लॅपटॉप उलटा केला तर पुढच्या कडेला, एका फटीत, कुंकू घट्ट बसलेलं दिसलं. काडीनं उकरलं. आत एक बारकं सरकतं बटण होतं. सरकवलं आणि निळा दिवा लागला. डॉक्टरांचं नेटवर्क समोर हजर!

खंडेनवमीला आईनं विळा, कोयता, माझी मोटरसायकल यांच्याबरोबर लॅपटॉपही ओल्या फडक्यानं पुसून पाटावर मांडला होता, हळदकुंकू वाहिलं होतं. पुसताना वायफायचं बटणच बंद झालं होतं, मी लिनक्स टाकायच्या आधीच. "मला काय ठावं त्याला तिथं बटन हाय?" आई म्हणाली. तिचं काय चुकलं? मीच आठवडाभर नसलेला आजार शोधत बसलो होतो.

तरी मी खुशीत होतो. मुदतीला अजून पाऊण तास होता. "अगं ये लवकर!" मी ओरडलो. "झालं चालू! कागदपत्रं घेऊन ये."

बायको आली ती हात पुसत. तिनं कपाटातून एक कागद काढून माझ्यापुढं ठेवला. भरलेल्या फॉर्मची प्रिंट होती.

"गुरुवारीच भरला," ती म्हणाली. "डॉक्टरांकडं बसून. अर्ध्या तासात झाला."

"मग मला सांगायचं नाही का?" माझा आवाज पुन्हा चढला.

"आले होते की सांगायला. तुम्ही मानसुद्धा वर केली नाही. म्हणालात, गप्प बस, तुझंच काम करतोय."